गाव सुटले तरी लेकराचा पट सुटू नये

(हुपरी, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर येथे ऊस उत्पादक शेतकरी आणि ऊसतोड कुटुंबे यांच्या एकत्र मेळाव्यात महिला आघाडीच्या एका कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. कापूस-ज्वारीच्या जिल्ह्यांतील बैठकांत तो वाचून दाखवावा आणि शेवटी दिलेल्या ठरावांवर चर्चा करावी.)



हुपरी हे नाव आमच्या बालाघाटच्या डोंगरात दोन कारणांनी माहीत आहे. पहिले कारण चांदीचे. घरात बाळ जन्मले की आत्या नाहीतर मामा वाळे आणतो. पोरगी चालायला लागली की पैंजण येतात. ऐपत असो नसो, पायात चांदीचा तुकडा पडतोच. ते वाळे आणि ते पैंजण इथल्या घराघरांत घडतात. दुसरे कारण कोयत्याचे. दसरा-दिवाळी झाली की आमच्या गावांतून ट्रक भरून माणसे निघतात आणि कारखान्यांच्या तळांवर उतरतात. या हुपरी-यळगूडच्या माळावर जवाहर कारखाना आहे, पुढे पंचगंगेच्या दोन्ही काठांनी कारखानेच कारखाने आहेत. सहा महिने आमची माणसे तिथे कोप्यांत राहतात.

म्हणजे लेकराच्या पायातले वाळेही हुपरीचे आणि त्याच पायाला उसाच्या खुंटाने झालेली जखमही इथल्याच फडातली. आज मला त्या पायांविषयी बोलायचे आहे. आतापर्यंत आपण भावाविषयी बोललो, कर्जाविषयी बोललो, विजेविषयी बोललो. लेकरांविषयी बोलायचे म्हटले की पुरुष मंडळी तंबाखू मळायला बाहेर जातात. आज कोणी उठू नका. हा हिशेबाचाच विषय आहे.

काल संध्याकाळी मी जवळच्या एका तळावर गेले होते. माणसे अजून फडातून यायची होती. कोप्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आठ-नऊ वर्षांची एक पोरगी कडेवर भाऊ घेऊन उभी होती. चूल पेटवून ठेवलेली, पाणी भरून ठेवलेले. मी विचारले, "बाई, कितवीला आहेस?" ती म्हणाली, "गावाकडं चौथीला हाय. हितं बाळापाशी हाय."

हे वाक्य रात्रभर माझ्या डोक्यातून गेले नाही. गावाला ती चौथीत आहे, तिचे नाव पटावर आहे, गुरुजी हजेरी घेताना ते नाव उच्चारतही असतील. इथे ती बाळापाशी आहे. सरकार पाळणाघरांच्या योजना काढते, कारखाने ठराव करतात. पण आज या महाराष्ट्रात ऊसतोडीचे पाळणाघर म्हणजे आठ वर्षांची पोरगी आहे. तिला पगार नाही, सुट्टी नाही आणि तिची नोंदही नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझे आईबाप कोयता घेऊन जात होते. मी चौथीपर्यंत शिकले, म्हणजे चार वर्षे माझे नाव पटावर होते. त्यातली अर्धी वर्षे मी उसाची वाढे गोळा करत होते. पाचवीला गेले तेव्हा मला पाढे येत नव्हते. गुरुजी म्हणाले, "पोरगी मठ्ठ आहे." मला बरीच वर्षे तेच खरे वाटले. पुढे मोठेपणी प्रौढ वर्गात बसले आणि कळले की मी मठ्ठ नव्हते, फक्त दिवाळीनंतरचे काही मी कधी ऐकलेच नव्हते.

माणूस कोयता का उचलतो?

इथले बागायतदार भाऊ कधीकधी विचारतात, तुमची माणसे लेकरांना घेऊन येतातच कशाला? हिशेब ऐका. दोन एकर कोरडवाहू रान धरा. कापूस लावला आणि पाऊस बरा झाला, तर आठ क्विंटल निघाला. २०२४-२५ च्या हंगामात सरकारने मध्यम धाग्याच्या कापसाला ७,१२१ रुपये हमीभाव जाहीर केला. तो पूर्ण मिळाला असे धरा; व्यापाऱ्याने ओलावा काढला नाही, कट्टी कापली नाही असेही धरा. तरी हातात ५६,९६८ रुपये. त्यातून बियाणे, खत, फवारणी, निंदणी आणि वेचणी वजा करा. चाळीस हजार तिथेच जातात. राहिले सतरा हजार. त्यात वर्ष काढायचे, म्हातारीचे औषध करायचे, पोरांच्या वह्या आणायच्या.

मग मुकादम दारात येतो आणि नवरा-बायकोच्या जोडीला लाखाची उचल पुढे ठेवतो. जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला उचल अर्धी. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला आणि टनाला साधारण ३६६ रुपये झाले. जोडीने दिवसाला दोन टन तोडला तर ७३२ रुपये. लाखाची उचल फेडायला १३७ दिवस लागतात, तेही एक खाडा न करता आणि वरखर्चाला एक पैसा न उचलता. एक दिवस कामाला गेले नाही तर मजुरी तर बुडतेच, वर खाडा म्हणून कुठे पाचशे, कुठे हजार कापतात.

आता लेकरू तापाने फणफणले तर आई काय करील? दवाखान्यात नेले तर खाडा. दीड महिन्याचा डोस द्यायला नेले तर खाडा. म्हणून ती पोराला झोळीत टाकते आणि झोळी बांधाच्या झाडाला बांधते. तिला माया नाही म्हणून नव्हे. तिच्या मायेवर मुकादमाच्या वहीत दंड लिहिलेला आहे म्हणून.

शेतमालाला भाव नाही, याचा अर्थ आपण क्विंटलमध्ये सांगतो. आज मी दुसऱ्या मापात सांगते. कापसाला भाव नाही याचा अर्थ गावच्या शाळेत दिवाळीनंतर निम्मे बाक रिकामे राहणे. कारण तिथे आहे. पण भाव मिळेपर्यंत लेकरू वाढायचे थांबत नाही. भावाची लढाई दहा वर्षे चालली तर तेवढ्या वेळात पाळण्यातले पोर पाचवीत जाते. म्हणून दोन्ही लढाया एकदम लढाव्या लागतील.

ही भीक आहे का?

काही जुने कार्यकर्ते मला म्हणतात, "ताई, आपण घामाचे दाम मागणारी माणसे. आपण सरकारी योजनांच्या मागे कधीपासून लागलो?" प्रश्न योग्य आहे आणि उत्तर द्यायला पाहिजे.

एक तर सहा ते चौदा वर्षांच्या लेकराचे शिक्षण ही योजना नाही, तो कायदा आहे. २००९ साली संसदेने केला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा वर्षांखालच्या मुलाला अंगणवाडीतून आहार हाही २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. साहेबाच्या मेहेरबानीचा प्रश्न नाही.

दुसरे म्हणजे पैसा कोणाचा? ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ झाले. त्याच्या निधीसाठी गाळलेल्या उसावर टनाला १० रुपये कारखान्याने द्यायचे आणि तेवढेच राज्य सरकारने घालायचे, असे ठरले. कारखान्याचे दहा रुपये आकाशातून पडत नाहीत. ते ऊस पिकवणाऱ्याच्या आणि ऊस तोडणाऱ्याच्या घामातूनच येतात. आपल्या घामाच्या पैशाचा हिशेब मागणे ही भीक नव्हे. हिशेब न मागणे हा मात्र गाढवपणा आहे.

तिसरे, १९८६ साली चांदवडला शेतकरी बायांचे अधिवेशन भरले. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत हजारो शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. तेव्हाही लोक म्हणाले, हे शेतकरी चळवळीचे काम आहे का? होते. घरातल्या बाईचा हिशेब न करता शेतीचा हिशेब पुरा होत नाही, हे तेव्हा कळले. लेकराचा हिशेब केल्याशिवायही तो पुरा होणार नाही, हे आता कळू द्या.

योजना गावाला बांधलेल्या, लेकरू चालते आहे

मग अडचण कुठे आहे? योजना कमी आहेत असे नाही. अंगणवाडी १९७५ पासून आहे. गरोदर बाईला पहिल्या खेपेला मातृवंदना योजनेतून ५ हजार रुपये आहेत, आणि दुसरी मुलगी झाली तर २०२२ पासून ६ हजार आहेत. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला पिवळ्या आणि केशरी कार्डावर लेक लाडकी योजना आहे. जन्मल्यावर ५ हजार, पहिलीत ६ हजार, सहावीत ७ हजार, अकरावीत ८ हजार आणि अठरा वर्षे पुरी झाल्यावर ७५ हजार. बेरीज १ लाख १ हजार.

पण यातली प्रत्येक गोष्ट एका गावच्या एका वहीला बांधलेली आहे. अंगणवाडीताईची वही गावात, शाळेचा पट गावात, आशाताईची यादी गावात. वही जागेवर बसून राहते आणि लेकरू ट्रकमध्ये बसून जाते. आपल्या राज्यकर्त्यांनी जो शेतकरी डोळ्यापुढे ठेवला तो बारा महिने एका घरात राहणारा आहे. सहा महिने कोपीत राहणारा शेतकरी त्यांच्या कागदात बसत नाही. त्यामुळे लेकरू गावात "गैरहजर" असते आणि तळावर "बाहेरगावचे" असते. दोन्हीकडे नाव आहे आणि दोन्हीकडे ताट नाही.

लेक लाडकीचेच बघा. हप्ते पहिली, सहावी, अकरावी असे शाळेच्या पायरीला बांधले आहेत. पट सुटला की पायरी सुटली, पायरी सुटली की हप्ता सुटला. ज्या घराला तो पैसा सर्वांत गरजेचा, त्याच घराच्या हातातून तो निसटण्याचा धोका मोठा.

आणखी एक बदल नीट लक्षात घ्या. पूर्वी आठवीपर्यंत पोर नापास होत नव्हते. राज्य सरकारने २०२३ मध्ये नियम बदलला. आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात पास झाले नाही तर दोन महिन्यांत पुन्हा एक संधी, त्यातही जमले नाही तर त्याच वर्गात बसायचे. जे पोर नोव्हेंबर ते मार्च फडात होते, ते एप्रिलमध्ये परीक्षेला बसून काय लिहील? पूर्वी न शिकता वर जात होते, ते वाईटच होते. आता न शिकता मागे राहील आणि शाळा सोडील. यंदा ज्यांच्या घरी पाचवीचे आणि आठवीचे पोर आहे, त्यांनी हे आजच मनाशी धरावे.

तीन वाटा

आईबापापुढे तीन वाटा आहेत. तिन्हीतले खरे-खोटे सांगते.

पहिली वाट, लेकराला गावात आजीपाशी ठेवायचे. त्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. दोन वेळचे जेवण शाळेच्या आधाराने, रात्री आजीकडे. माझ्या मते प्राथमिक शाळेतल्या पोराला ही वाट सर्वांत बरी. गाव तेच, गुरुजी तेच, पुस्तक तेच. पण वसतिगृह आपोआप उघडत नाही. शाळेने मुलांची यादी करून मागणी पाठवावी लागते. आणि मंजुरी यायला दिवाळी उलटली तर काय उपयोग? ट्रक थांबत नाही. म्हणून यादी ऑगस्टमध्येच झाली पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने चारात तीन माणसे पालक असतात आणि निम्म्या बाया असतात. म्हणजे समितीत आपणच आहोत. सह्या करून चहा पिऊन येऊ नका, ही यादी करून या.

दुसरी वाट, मोठ्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाची शासकीय वसतिगृहे. २०२१ साली निर्णय झाला. ४१ तालुक्यांत एक मुलांचे, एक मुलींचे, अशी ८२ वसतिगृहे आणि प्रत्येकात शंभर जागा. निर्णय चांगला आहे. पण आपल्या तालुक्यातले सुरू आहे का, स्वतःच्या इमारतीत आहे की भाड्याच्या, मुलींच्या वसतिगृहात रात्री बाई अधीक्षक राहते का, हे जाऊन बघायचे काम आपले. पोरगी ठेवायची म्हणजे आधी आईने जागा बघायची.

तिसरी वाट, लेकराला बरोबर न्यायचे आणि तळाजवळच्या शाळेत घालायचे. इथे पुष्कळ जणांना कायदा ठाऊक नाही, म्हणून स्वच्छ सांगते. शाळा मध्येच प्रवेश नाकारू शकत नाही. दाखला नाही म्हणून नाकारू शकत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारू शकत नाही. स्थलांतरित कुटुंबाच्या मुलाला प्रवेश मिळवून देणे ही स्थानिक संस्थेची जबाबदारी, असे कायद्यात लिहिले आहे. गावच्या मुख्याध्यापकाने निघताना शिक्षण हमी पत्रक द्यायचे आणि इथल्या शाळेने ते बघून लेकराला त्याच्या वर्गात बसवायचे. जाताना तसेच पत्रक परत घेऊन जायचे.

या वाटेतला काटाही सांगते. तळापासून शाळा दोन-तीन किलोमीटर असते, मध्ये ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा रस्ता असतो. टोळी महिन्याने दुसऱ्या गावाच्या फडात जाते. आणि इथून जवळच सीमा आहे. टोळी पलीकडे निपाणी-चिकोडीच्या बाजूला गेली की शाळा बहुधा कन्नड. कायदा तिकडेही तोच आहे, पण लेकराला अक्षरच कळत नाही. म्हणून सीमेपलीकडे जाणाऱ्यांनी पहिली वाटच धरावी, असे माझे मत आहे.

चौथी वाट कोणी निवडत नाही, तरी ती होते. पोरगी तेरा-चौदाची झाली की आई म्हणते, तळावर नेऊ तर उघड्यावरची कोपी, गावात ठेवू तर म्हातारीच्या भरवशावर कशी ठेवू? मग लग्न उरकतात. शिवाय लग्न झाले की अर्ध्या कोयत्याचा पूर्ण कोयता होतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यात वीस ते चोवीस वर्षांच्या दर शंभर बायांपैकी चाळीसहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. त्याच जिल्ह्यात गर्भपिशवी काढलेल्या ऊसतोड बायांची संख्या २०१९ च्या सरकारी चौकशी समितीपुढे आली. ती तेरा हजारांवर होती. या दोन आकड्यांचे नाते समजून घ्या. सोळाव्या वर्षी बाळंतपण, बाळंतपणानंतर लगेच मोळी डोक्यावर, अंगावरचे दुखणे, खाड्याची भीती आणि मग कोणीतरी डॉक्टर म्हणतो, पिशवीच काढून टाका. पोरीची शाळा सुटते तेव्हा या सगळ्याची सुरुवात होते.

आईबापाच्या हातात काय आहे?

सरकारकडून काय घ्यायचे ते सांगितले. आता आपल्या हातातले बोलू.

एक, कागदाची पिशवी. ट्रकमध्ये भांडी चढवायच्या आधी एक प्लास्टिकची पिशवी भरा. लेकराचा जन्मदाखला, आधार, रेशनकार्डाची प्रत, माता-बाल संरक्षण कार्ड, शिक्षण हमी पत्रक. ती पिशवी पीठाच्या डब्यात ठेवा, कोपी गळली तरी भिजणार नाही. रेशनचे धान्य आता कार्ड आणि अंगठा लावून कुठल्याही गावच्या दुकानात मिळते. गावातले धान्य सहा महिने दुसऱ्याला उचलू देऊ नका. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे सरकारी कागदावर आधी आईचे नाव आणि मग बापाचे नाव लागते. ते नीट लागले आहे का, बघून घ्या.

दोन, डोसचा हिशेब. डोस दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने असे असतात. दसऱ्याला बाळ जन्मले तर तिन्ही डोस तळावरच येतात, नऊ महिन्यांचा गोवराचा गावाला परत गेल्यावर येतो. म्हणजे तळावरचे तीन चुकले तर पुढची सगळी घडी विस्कटते. डोस कुठल्याही सरकारी दवाखान्यात फुकट आहे, गाव कोणते हे विचारून परत पाठवता येत नाही. तळावर उतरल्या आठवड्यात इथल्या आशाताईला बोलावून पोटुशा बाया आणि दोन वर्षांखालची लेकरे यांची यादी तिच्या हातात द्या.

तीन, लेकराचे खाणे. सहा महिने फक्त अंगावरचे दूध, वरून पाणीही नको. सहा महिन्यांनंतर मात्र दूध पुरत नाही. तेव्हा बाजारचा डबा आणू नका, पाच रुपयांचा बिस्किटपुडा तर नकोच. आपल्या घरची ज्वारी आहे. आंबील पातळ करून, भाकरी डाळीत कुस्करून, वर चमचाभर तेल घालून दिवसातून चार वेळा भरवा. पोट लहान असते, एकदम खात नाही. पहाटे चारला फडात जाणारी बाई चार वेळा कशी भरवणार? तिथेच पुढचा मुद्दा आहे.

चार, दहा कोयत्यांत एक आजी. प्रत्येक टोळीत एखादी वयस्क बाई असते, जिला मोळी उचलत नाही तरी पोट भरायला येते. दहा कोयत्यांनी रोज चाळीस-चाळीस रुपये काढले तर तिचे चारशे होतात. तिने तळावर बसून सगळ्यांची लेकरे सांभाळायची, वेळेवर भरवायचे. मग ती आठ वर्षांची पोरगी शाळेत जायला मोकळी होते. हे करायला सरकारी आदेश लागत नाही. मुकादमाशी बोलणी करतानाच उचलीच्या कागदावर हे लिहून घ्या. त्याच कागदावर आणखी एक ओळ लिहा: बाळंतपण, डोस आणि लेकराचे आजारपण यांचा खाडा धरायचा नाही.

हुपरीकरांना दोन शब्द

इथल्या बागायतदार भावांनो, तुमचा ऊस वेळेवर गेला तर तुमचा उतारा टिकतो. तो ज्या हातांनी जातो त्या हातांची लेकरे तुमच्या बांधावर झोपलेली असतात. तुमच्या गावची अंगणवाडी आहे, तिथे या लेकरांना बसू द्या. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये सांगितले होते की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती दिली पाहिजे. मोठ्या तळावर चाळीस लेकरे सहज भरतात. तीन महिन्यांत हंगाम निम्मा संपतो, म्हणून मागणी गळीत सुरू व्हायच्या आधी गेली पाहिजे. मागणी आमच्या बायांनी केली तर साहेब विचारतात, तुम्ही कुठल्या? तीच मागणी तुमच्या ग्रामसभेने केली तर वजन पडते.

आणि हुपरीच्या बहिणींनो, तुमच्याकडे काम घरात येते. कड्या जोडायच्या, वजनावर मजुरी घ्यायची आणि मांडीला लेकरू. तुमचा नवरा तळावर जात नाही, पण हिशेब तोच आहे. घर हाच कारखाना झाला की लेकरू कारखान्यातच वाढते. आटणीचा धूर, डागाचा धूर आणि आम्लाची बाटली यांच्यापासून लेकराची जागा वेगळी करा. कायद्याने चौदा वर्षांखालच्या पोराला कामाला लावता येत नाही. २०१६ च्या दुरुस्तीत घरच्या कामात शाळा सुटल्यावर मदत करण्याची सूट ठेवली आहे. त्या सुटीच्या आडून शाळाच सुटू देऊ नका. फडातली पोरगी आणि कड्या जोडणारी पोरगी या दोघी एकाच वर्गातल्या आहेत, आणि तो वर्ग दुपारी रिकामा आहे.

शेवटचे सांगते. तळावरच्या त्या पोरीच्या पायात वाळे नव्हते. तिच्या कडेवरच्या भावाच्या पायात होते, काळे पडलेले. म्हणजे त्या घरालाही जन्माचा आनंद झाला होता. ऐपत नसताना त्यांनी चांदी आणली होती. या माणसांना लेकराची कदर नाही असे कोणी म्हणू नये. मला त्या घरातली दुसरी गोष्ट बघायची आहे. पुढच्या वर्षी मी विचारले की कितवीला आहेस, तर तिने एकच उत्तर द्यावे, गावाकडचे वेगळे आणि इथले वेगळे असे नाही.

बैठकीत मांडायचे ठराव असे:

१. प्रत्येक गावात ऑगस्टअखेर, कोयत्यावर जाणाऱ्या घरांची आणि त्यांच्या लेकरांची यादी शाळा व्यवस्थापन समितीत ठेवावी आणि हंगामी वसतिगृहाची मागणी त्याच दिवशी पाठवावी.

२. शिक्षण हमी पत्रक हातात पडल्याशिवाय लेकराला ट्रकमध्ये बसवू नये. पाचवी आणि आठवीचे पोर गावातच ठेवावे.

३. उचलीच्या बोलणीत टोळीची आजी आणि बाळंतपण-डोसचा खाडा माफ, या दोन अटी लिहून घ्याव्यात. ज्या मुकादमाला मान्य नसेल त्याची उचल गावात कोणीच घेऊ नये.

४. टनामागे दहा रुपयांप्रमाणे किती पैसा जमा झाला, सरकारने त्यात किती घातला आणि त्यातून आपल्या तालुक्यात काय उभे राहिले, याचा लेखी हिशेब महामंडळाकडे मागावा.

५. पोरीचे लग्न अठराच्या आत ठरले तर कार्यकर्त्याने त्या लग्नाला अक्षता टाकायला जाऊ नये, आधी त्या घरी बोलायला जावे. घर ऐकत नसेल तर ग्रामसेवकाला कळवावे आणि १०९८ वर फोन करावा.

ठराव हात वर करून मंजूर करणे सोपे असते. म्हणून हात वर करण्याआधी प्रत्येकाने आपल्या घरातले एक लेकरू डोळ्यापुढे आणावे, ते आज कोणत्या पटावर आहे आणि आत्ता या घटकेला कुठे आहे, हे स्वतःला विचारावे. दोन्हीचे उत्तर एकच असेल तर हात वर करा. नसेल तरीही हात वर करा, आणि उद्या सकाळी शाळेत जा.